ऱ्हस्व, दीर्घ, रिक्त

५ जानेवारी, सोमवार

पुष्कर म्हणाला, "बाई, रोज काहीतरी टाइप करत जा, हात बसेल." म्हणून ही दैनंदिनी. हौस म्हणून नाही. नूतन टिपणीसला असल्या हौशी कधीच नव्हत्या.

आज दिनानाथ सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्याध्यापक झाल्यापासून त्यांना वाईट बातमी गोड करून सांगायची सवय लागली आहे. म्हणाले, "बाई, कायद्याने तुमच्या नोकरीला धक्का नाही. पण दहावीचं वर्ष आहे, पालक विचारतात." मी म्हटलं, "काय विचारतात ते सांगा." तर म्हणे, ज्यांना दिसत नाही त्या बाई पेपर कसा काढणार, कसा तपासणार? तेवीस तारखेला संस्थेची बैठक आहे. दहावी ब च्या पूर्वपरीक्षेचा मराठीचा पेपर मी स्वतः काढायचा, स्वतः टाइप करायचा. तो धड पार पडला तर वर्ग माझा. नाहीतर ग्रंथालय. ग्रंथालय म्हणजे दोन कपाटं आणि एक खुर्ची. बावीस वर्षं शिकवल्यावर खुर्ची सांभाळायची!

काचबिंदूने डोळे नेले ते नेले. वर्ग नेऊ देणार नाही.

लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर घातला तो पुष्करनेच. स्क्रीनवर जे असेल ते तो वाचून दाखवतो. पुष्कर आमच्याकडे शिक्षण सेवक, पेणहून, रामवाडीतून, रोज रोह्याला येऊन-जाऊन करतो. मार्चमध्ये त्याची तीन वर्षं भरतील आणि तो कायम होईल. विषय मराठी. म्हणजे मी ग्रंथालयात गेले की दहावी ब कोणाकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. लिहू नये असं वाटतं, पण स्वतःशी कसला आडपडदा.

या यंत्राचा आवाज पुरुषाचा. ओळ रिकामी आली की म्हणतो, "रिक्त". परिच्छेद संपला, रिक्त. पान संपलं, रिक्त. जन्मात मला कोणी इतक्यांदा रिक्त म्हटलं नव्हतं.

८ जानेवारी, गुरुवार

यंत्राचे उच्चार म्हणजे कहर. चुलीतला च हा चिमणीचा करतो. मुलगा असता तर बाकावर उभा केला असता. गिरजाबाई त्याला बुवा म्हणतात. गिरजाबाई माझ्याकडे सकाळ-संध्याकाळ स्वयंपाकाला येतात, मुलगा कंपनीत शिफ्टला, नात सुरभी आमच्याच शाळेत, माझ्याच दहावी ब मध्ये. म्हणाल्या, "बाय, तुमचा बुवा जेवत नाय, खात नाय, नुसता बोलतो. बरा हाय."

मी आता बुवाला इतक्या वेगात बोलायला लावते की शेजारी बसलेल्याला नुसती टकळी ऐकू येईल. मला सगळं कळतं. पण वेगात एक गोची होते. ऱ्हस्व आणि दीर्घ सारखेच ऐकू येतात. आणि कीबोर्डवर त्या दोघांची बटणं एकमेकांच्या डोक्यावर. म्हणून महत्त्वाचं असेल तिथं मी अक्षर अक्षर ऐकते: "द, ऱ्हस्व इकार, न." दिवसाचा दिन. दीर्घ केला की तो गरीब बापडा होतो. माझ्या हातच्या कागदात आजवर कोणाला चूक सापडलेली नाही. जूनपासून सराव-पत्रिका मीच टाइप करते, पुष्कर फक्त प्रिंट काढतो. एकही पालक, एकही शिक्षक बोट ठेवू शकला नाही.

त्या प्रिंटला मात्र त्याला फार वेळ लागतो. आज दोन पानांची पत्रिका दिली, तर पाऊण तास. मी विचारलं, "प्रिंटर बिघडलाय का रे?" म्हणाला, "मांडणी करतो बाई, ओळी खालीवर होतात." पूर्वी मला दिसत होतं तेव्हा ओळी कधी खालीवर झाल्या नव्हत्या.

११ जानेवारी, रविवार

पेपर झाला!

सकाळी नऊला बसले ती दीडला उठले. स्क्रीन काळी करून ठेवली, हेडफोन लावला, दार लोटलं. बाहेरच्या खोलीत गिरजाबाई आणि सुरभी मोड आलेले वाल सोलत होत्या. विद्यार्थिनी घरात आहे म्हणून मी मनात तपासून घेतलं. स्क्रीन काळी, आवाज माझ्या कानात. यापेक्षा गुप्त पेपर दिनानाथ सरांच्या कपाटातही राहणार नाही.

निबंध, पत्र आणि जाहिरात हे तीन प्रश्न अक्षर अक्षर ऐकून तपासले. निबंधाला 'कुंडलिकेचे मनोगत'. नदी रोजची आहे, बघू पोरं काय बोलती करतात तिला. पत्र नगरपरिषदेला, पुलावरचे दिवे बंद आहेत म्हणून. मला दिवे असले काय नि नसले काय, पण आमच्या अष्टमीहून रोह्याला पूल ओलांडून येणाऱ्या मुलींना लागतात.

मग कंटाळा आला. उरलेला पेपर वेगात ऐकला. ठीकच असणार, हात माझाच आहे.

हेडफोन जुना झाला. आज आवाज लांबून येत होता, कानाला रजई बांधल्यासारखा. तीनदा मोठा करावा लागला. पुष्करला नवा आणायला सांगते.

दुपारी बिरडं फर्मास झालं होतं.

१२ जानेवारी, सोमवार

एक गंमत. भाकरी थापता थापता गिरजाबाई विचारतात, "बाय, ऱ्हस्व म्हंजे काय वो?" मी उडालेच. म्हटलं, "तुम्ही कुठं ऐकलंत?" म्हणाल्या, "कालपासनं कानात बसलाय मेला. ऱ्हस्व, दीर्घ, ऱ्हस्व, दीर्घ." म्हणजे सुरभी घरी मोठ्याने अभ्यास करते तर! शाबास पोरी. गिरजाबाईंना समजावलं, ऱ्हस्व म्हणजे आखूड, दीर्घ म्हणजे लांब. "म्हंजे आमच्या मालकांचं घोरणं दीर्घ," म्हणाल्या. मी पोट धरून हसले.

पेन ड्राइव्ह पावणेअकराला पुष्करच्या हातात दिला. वर्ग घेतला, परत आले, तो कॉम्प्युटरच्या खोलीतच. पाकिटं सीलबंद होऊन कपाटाला कुलूप लागलं तेव्हा बोलक्या घड्याळाने पाऊण वाजल्याचं सांगितलं. दोन तास! पाच पानांना! "काय रे इतका वेळ?" तर पुन्हा तेच, "मांडणी, बाई."

मांडणी म्हणे. मला आवडलं नाही.

१७ जानेवारी, शनिवार

बुवा चुकीची अक्षरं बोलून दाखवतोय, मी खोडतेय.

पेपर फुटला.

एका पालकाने दिनानाथ सरांना फोटो पाठवला. कोणीतरी चिठ्ठीवर प्रश्न उतरवलेत, मुलांच्या ग्रुपवर फिरतोय. निबंध तोच, पत्र तेच, जाहिरात तीच. पहिलं कोणी टाकलं ते एकही मूल सांगत नाही. सोमवारचा पेपर रद्द.

सर म्हणाले, "बाई, हा पेपर दोनच माणसांकडे होता."

दोनच. एक मी. मग दुसरा कोण? दोन तास कोण दार लावून बसला होता? माझा पेपर फुटला की वर्ग कोणाला मिळतो? मी तिथंच म्हटलं, "लेखी देते." दिलं. शाळेतल्या लॅपटॉपवर अर्धा तास बसून टाइप केलं, स्वतः प्रिंटरचं बटण दाबलं, स्वतः सही केली. पुष्करचं नाव घालताना बोट अडखळलं नाही. याची नोंद असू दे.

१८ जानेवारी, रविवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी पेणहून माझ्या भावाचा, गोपाळदादाचा फोन. त्याला कळलंच, पेण काय नि रोहा काय, बातमीला एसटी लागत नाही. म्हणाला, "नूतन, तो पोरगा आमच्या गल्लीतला. थोरला भाऊ डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे, वडील घरी बसून. त्याची नोकरी गेली तर घर बसेल. तुझी खात्री आहे ना?" मी म्हटलं, "माझा वर्ग गेला तर कोण बसेल?" आणि फोन ठेवला.

खात्री आहे. पुन्हा पुन्हा मोजून पाहिली. दोन माणसं, त्यातली एक मी.

तरी एक गोष्ट टोचते. चिठ्ठीत तीनच प्रश्न आहेत. पेपर त्याच्याकडे अख्खा होता, मग फोडायचा तर तीनच का फोडेल?

१९ जानेवारी, सोमवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

केबिनमध्ये आम्ही तिघं. सरांनी पुष्करला विचारलं, "पावणेअकरा ते पाऊण, दोन तास काय करत होतास?"

"मांडणी, सर."

"दोन तास मांडणी? खरं काय ते सांग. तुझं पुढचं सगळं यावर आहे."

मी म्हटलं, "बघा, उत्तर नाही." माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

मग सर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, राग मानू नका, पण तुमच्या अर्जात शुद्धलेखनाच्या आठ चुका आहेत. तुमच्या कागदात असं कधी पाहिलं नव्हतं, घाईत असाल." माझं डोकंच सणकलं. आठ चुका? माझ्या कागदात? म्हटलं, "सर, विषय बदलू नका." त्यांना पुष्करला वाचवायचंय, दुसरं काय.

सरांनी चिठ्ठी वाचायला घेतली. "निबंध, कुंडलिकेचे मनोगत. रिक्त. पत्र, पुलावरील दिवे बंद असल्याबद्दल नगरपरिषदेस विनंती. रिक्त. जाहिरात..." मग थांबले. "हे मधे मधे रिक्त, रिक्त काय लिहिलंय? काही अर्थ लागत नाही."

मला लागला.

माझ्या पेपरात रिक्त हा शब्द नाही. कागदावर तो कोणाला दिसणार नाही, कारण तो कागदावर नाहीच. तो फक्त बुवा बोलतो. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याने पेपर पाहिला नव्हता, ऐकला होता. माझ्या घरातून.

समोर पुष्करने दीर्घ श्वास घेतला, आता बोलणार असं वाटलं. बोलला नाही. सर म्हणाले, "ठीक आहे, तेवीसला संस्थेपुढे ठेवतो." मी उठले, काठी घेतली, बाहेर आले. मीही बोलले नाही.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. हेडफोन कानाला लावला आणि बोटाने पिन चाचपली. पिन अर्धी बाहेर होती. दाबली तर टक् झालं आणि बुवा एकदम कानात आला, जवळ. म्हणजे अकरा तारखेला तो कानात नव्हताच. खोलीभर बोलत होता, आणि लांबून येतो म्हणून मी त्याला तीनदा मोठा केला.

२० जानेवारी, मंगळवार

गिरजाबाईंबरोबर सुरभीला बोलावलं. पोर दारातच रडायला लागली. म्हटलं, "रडू नको, फक्त सांग."

"बाई, मला वाटलं तुम्ही लॅपटॉपवर धडा लावलाय. तो एकेक अक्षर सांगत होता, ऱ्हस्व कुठला, दीर्घ कुठला. माझं शुद्धलेखन कच्चं आहे ना, म्हणून लिहून घेतलं. पुढं तो भराभर बोलायला लागला, ते काही कळलं नाही. माझ्या बाकावरच्या पूजाने वही पाहिली, उतरवून घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. पेपर आहे हे आम्हाला शनिवारी कळलं."

"आणि रिक्त?"

"तो म्हणाला म्हणून लिहिलं. मला वाटलं, रिक्त जागा भरा असेल."

गिरजाबाई म्हणाल्या, "गो सुरभे, बाईंच्या पाया पड गो. बाय, पोरीचं नाव नको वो सांगू. दहावीचं वरीस हाय तिचं." मग हळूच म्हणाल्या, "मी बोलले व्हते ना तुमाला, कानात बसलाय म्हणून. मला वाटलं तुमाला ठावं हाय."

बोलल्या होत्या. ऱ्हस्व म्हणजे काय, असं विचारलं होतं बाईने, आणि मी पोट धरून हसले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर कोण? मी.

२१ जानेवारी, बुधवार

आज सरांना सांगायचं ठरवलं होतं. ते अलिबागला गेले होते.

खोटं. चारपर्यंत शाळेतच होते. मी दोनदा केबिनपर्यंत गेले आणि परत फिरले. सहाव्या तासाला दहावी ब मध्ये अलंकार शिकवला. अर्थांतरन्यास सांगताना मागच्या बाकावरून कोणीतरी इतकं चपखल उदाहरण दिलं की सगळा वर्ग हसला. हे सोडायचं? बोलले तर हे जातं. नाही बोलले तर फक्त पुष्कर जातो. फक्त!

जिन्यात तो भेटला. म्हणाला, "बाई, पुढे पायरी तुटलीय, डावीकडून या." बस, एवढंच. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बैठक. पाच पदाधिकारी, दिनानाथ सर, मी, भिंतीशी पुष्कर. चहा आला, कोणी घेतल्याचा आवाज आला नाही.

अध्यक्ष म्हणाले, "टिपणीस बाई, तुमची तक्रार..."

मी म्हटलं, "आधी हे ऐका." लॅपटॉप टेबलावर ठेवला. हेडफोन कानाला लावला, पिन अर्धी घातली आणि रद्द झालेला पेपर उघडला. बुवा बोलायला लागला. निबंध. कुंडलिकेचे मनोगत. क, ऱ्हस्व उकार, अनुस्वार, ड. अख्खी खोली ऐकत होती. रिक्त आलं तेव्हा कोणाचीतरी खुर्ची करकरली.

"मला वाटत होतं, हे मला एकटीलाच ऐकू येतंय," मी म्हटलं. "पेपर मी फोडला. कोणी ऐकला ते विचारू नका, ऐकणाऱ्याचा दोष नाही. पुष्करवरची तक्रार मागे घेते. सोमवारीच मला कळलं होतं. चार दिवस गप्प बसले, कारण मला वर्ग हवा होता."

बाहेर बसायला सांगितलं. वीस मिनिटं. बाकावर पुष्कर शेजारी होता. मी म्हटलं, "चुकले रे." तो म्हणाला, "हूं." नुसतं हूं. माफ केलं म्हणाला नाही. का म्हणावं त्याने? त्याची तीन वर्षं मी अर्ध्या तासात कागदावर पुसली होती.

निर्णय असा. तक्रार रद्द, पुष्करच्या सेवेला धक्का नाही. दहावी ब आजपासून त्याच्याकडे, नवा पेपर तोच काढील. मी जूनपर्यंत ग्रंथालयात, पुढचं पुढे.

घरी आले आणि मोठ्याने रडले. बुवासमोर लाज कसली.

२७ जानेवारी, मंगळवार

ग्रंथालय. कपाट क्रमांक एक, कपाट क्रमांक दोन, खुर्ची.

सरांनी माझा पेन ड्राइव्ह परत पाठवला, रद्द पेपर पुसून टाका म्हणून. उघडला. माझी एक फाइल असायला हवी होती. बुवा म्हणाला, दोन. दुसरीचं नाव 'बाई अंतिम'. बारा जानेवारी, बारा वाजून एकतीस मिनिटं.

म्हटलं, बघू तरी काय मांडणी केली पठ्ठ्याने.

दोन्ही शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या. सारख्याच. वेगात तर अगदी सारख्या. मग अक्षर अक्षर ऐकायला लागले. माझ्या फाइलीत: "द, दीर्घ ईकार, न." त्याच्या फाइलीत: "द, ऱ्हस्व इकार, न." मी महाराष्ट्र दिनाचा महाराष्ट्र दीन केला होता. पुढे कवितेत, व्याकरणात, सूचनांत. मी अक्षर अक्षर ऐकलेले तीन प्रश्न सोडले तर बाकी पेपरात तेवीस ठिकाणी. एकेक शोधून, ऱ्हस्वाचं दीर्घ आणि दीर्घाचं ऱ्हस्व करून ठेवलेलं. कुठं खूण नाही, शेरा नाही.

मग शाळेच्या कॉम्प्युटरवरून जूनपासूनच्या सराव-पत्रिका घेऊन उघडल्या, माझ्या आणि त्याने छापलेल्या. सगळीकडे तेच.

माझ्या हातच्या कागदात कोणाला चूक सापडली नाही. सापडेल कशी? त्याच्या हातून न गेलेला एकच कागद मी गेल्या आठ महिन्यांत शाळेला दिला. त्याच्यावरची तक्रार. आठ चुका.

तसाच फोन लावला. तो गाडीत होता, पेणकडे निघालेला.

"पुष्कर, दोन तास काय करत होतास, ते केबिनमध्ये का नाही सांगितलंस?"

तो गर्दीतून बाजूला सरकल्याचा आवाज आला.

"बाई, तिथं ते सांगितलं असतं तर तुमचा वर्ग त्याच मिनिटाला गेला असता."

"आणि रिक्त? ते ऐकून तुलाही कळलं ना?"

"कळलं."

"मग?"

"वाटलं, तुम्ही सांगाल." मग म्हणाला, "शेवटच्या दोन दिवसांत वाटेनासं झालं होतं. आता नागोठणं आलं बाई, रेंज जाईल." आणि गेली.

आता त्याला पत्र लिहायला बसलेय. उद्या त्याच्या हातात द्यायचंय, आणि हे पत्र तरी त्याला दुरुस्त करावं लागता कामा नये. गिरजाबाई आत मासे तळतायत. हेडफोनची पिन काढून ठेवली आहे. ऐकू दे अख्ख्या अष्टमीला.

पहिलाच शब्द चुकले. बुवाने सांगितलं: "द, दीर्घ ईकार, ल, ग, ऱ्हस्व इकार, र." खोडला. पुन्हा लिहिला, आणि एकेक अक्षर ऐकलं.

"द, ऱ्हस्व इकार, ल, ग, दीर्घ ईकार, र."

दिलगीर. आता बरोबर आहे.